सशांचा हिशेब

अगं,

तुझं पत्र मिळालं. चार पानं, बहुतेक सगळा राग, आणि शेवटच्या पानाच्या समासात आडव्या अक्षरात "आंबे पाठवलेस का?" असं तूच लिहू जाणे. पाठवलेत बाई. पेटी शनिवारी निघाली. डेहराडूनला पोचेस्तोवर पिकतील असे जरा हिरवेच घातलेत, तेव्हा उघडल्या उघडल्या नाक मुरडू नकोस, दोन दिवस गवतात राहू दे. यंदा मोहोर गळाला, म्हणून संख्येवरूनही भांडू नकोस.

आता रागाचं. आपल्या भाचीनं फोनवर तुला सांगितलं की ती सशांच्या कवटीत भोक पाडून त्यात कृत्रिम हाड भरते, आणि तू "मला चहा टाकायचाय" म्हणून फोन ठेवलास. रात्री साडेनऊला! पोर मला विचारते, मावशी, त्या इतक्या रात्री चहा घेतात? मी म्हटलं, रागावल्या की घेतात. तुला सांगते, ती हिरमुसली होती. तिच्या बारशाला पाळण्याची दोरी कुणाच्या हातात द्यायची यावरून तू आणि माझी सासू जे भांडला होतात ते तिला माहीत आहे, म्हणून तुझा शब्द तिला लागतो. आणि मला तुझा राग समजतो. प्रॅक्टिकलच्या हॉलच्या खिडकीतून तू सोडून दिलेला तो बेडूक मी विसरलेले नाही. सरही शेवटपर्यंत विसरले नव्हते.

म्हणून हे लांबलचक पत्र. चहा टाकूनच बस.

आमच्या शेजारच्या वहिनींचा धाकटा आठवतो ना, मागच्या खेपेला तुला स्कूटरवर बसवून भाट्याला घेऊन गेला होता, आणि पूल संपेपर्यंत तू डोळे मिटून घेतले होतेस? गेल्या पावसाळ्यात पालीजवळ त्याची गाडी घसरली. डोक्याला मार. मेंदूला सूज आली, आणि सुजलेल्या मेंदूला कवटीच्या आत जागा पुरेना, म्हणून डॉक्टरांनी कवटीचा तळहाताएवढा तुकडा काढला. तो ठेवला कुठे, माहीत आहे? त्याच्याच पोटाच्या कातडीखाली. तिथे तो जंतूंपासून सुरक्षित राहतो आणि हवा तेव्हा हाताशी असतो, ही जुनी आणि चांगली रीत आहे. पण वहिनी दारात उभ्या राहून मला सांगत होत्या, "त्याचं कपाळ त्याच्या पोटात आहे हो," आणि त्यांना हसावं की रडावं कळत नव्हतं. मलाही नाही.

पुढे तो तुकडा परत बसवला. काही महिने बरं चाललं, आणि मग ते हाड झिजायला लागलं. असं होतं कधीकधी, त्यात कुणाचा दोष नसतो. जागचं काढलेलं हाड परत रुजेलच असं नाही, आणि तरुण पोरांत ते विरण्याचं प्रमाण जास्त असतं म्हणतात. आता त्याच्या कानशिलाजवळ खड्डा आहे. टोपी घालून हिंडतो. वाकून चप्पल घालायला लागला की वहिनींचे हात आपोआप पुढे येतात.

अशांना आज टायटॅनियमची जाळी बसवतात, किंवा अ‍ॅक्रिलिक, माझ्या आईच्या कवळीचं असायचं त्याच जातीचं. संगणकावर कवटीचा आकार घेऊन पीक नावाच्या मजबूत प्लास्टिकचं झाकणही करतात. ही सगळी झाकणं चांगली आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण ती झाकणंच राहतात. त्यांत रक्त येत नाही, ती हाड होत नाहीत. लहान मुलाची कवटी वाढते, धातू वाढत नाही. म्हणून गेली कित्येक वर्षं लोक असा पदार्थ शोधताहेत, जो भोकात भरला की हळूहळू स्वतः नाहीसा होईल आणि त्या जागी माणसाचं स्वतःचं हाड उभं राहील. आपली भाची त्या शोधातली एक लहानशी मजूर आहे.

ही खटपट किती जुनी, ऐक. हॉलंडच्या योब फान मेकेरेन या शल्यवैद्याच्या पुस्तकात, १६६८ सालच्या, एक हकिकत आहे. एका रशियन सरदाराची कवटी तलवारीच्या घावानं फुटली, आणि तिथे कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवला. जखम भरली, माणूस ठणठणीत. पण चर्चनं त्याला बहिष्कृत केलं, ख्रिस्ती डोक्यात कुत्र्याचं हाड म्हणून. बिचारा परत शल्यवैद्याकडे, काढा म्हणाला. तर ते इतकं घट्ट बसलेलं की निघेना! मेकेरेननं ही गोष्ट ऐकीव सांगितली आहे, तेव्हा मीठमसाला किती ते देव जाणे. भाचीनं ही सांगितली तेव्हा तुझी आठवण झाली. तू त्या कुत्र्याची बाजू घेतली असतीस, आणि त्याचं काय झालं हे पुस्तकात का नाही म्हणून मेकेरेनला पत्र लिहिलं असतंस.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. १९६७ साली अमेरिकेत लॅरी हेंच नावाचा एक तरुण काचशास्त्रज्ञ सैन्याच्या एका परिषदेला बसनं चालला होता. शेजारी व्हिएतनामहून नुकताच परतलेला कर्नल. हेंच आपल्या पदार्थांबद्दल उत्साहानं बोलत होता, आणि कर्नलनं विचारलं की माणसाचं शरीर नाकारणार नाही असा एखादा पदार्थ तुम्हाला करता येईल का? धातू आणि प्लास्टिक शरीर नाकारतं म्हणून जवानांचे हातपाय कापावे लागतात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. हेंचनं सिलिका, सोडियम, कॅल्शियम आणि फॉस्फरस घालून एक काच केली. १९६९ मध्ये ती उंदरांच्या मांडीच्या हाडात घातली. सहा आठवड्यांनी शल्यवैद्य तुकडे काढायला गेला तर ते हाडातून सुटेनात, इतके ते हाडाशी एकजीव झाले होते. तोवर सगळ्यांचा समज असा की शरीरात परका पदार्थ फार तर गप्प बसेल, जुळून येणार नाही. बसमधल्या एका प्रश्नानं आणि काही उंदरांनी तो समज मोडला. आज दात शिवशिवण्यावरच्या काही टूथपेस्टमध्ये त्याच काचेची बारीक पूड असते.

आता तू विचारशील, मांडीचं ठीक, कवटीच का? मीही तेच विचारलं. कवटीचं हाड सपाट असतं, त्याच्यावर अंगाचा भार नसतो, म्हणून भोक पाडलं तरी ससा चालतो, खातो, प्लेट-स्क्रू लागत नाहीत. खाली मेंदूचं जाड आवरण असतं, भरलेला पदार्थ त्याच्यावर टेकतो. आणि कवटीला रक्तपुरवठा बेताचा, ती हट्टी, सहज भरून येत नाही. तिथे जे टिकलं ते खरं.

पण भोक केवढं पाडायचं? यातच सगळी मेख आहे. लहान भोक तर आपोआपच भरतं, मग श्रेय पदार्थाचं की सशाचं? म्हणून १९८६ साली श्मिट्झ आणि हॉलिंजर या दोघांनी एक माप मांडलं: त्या प्राण्याच्या आयुष्यात आपणहून भरणार नाही असं लहानात लहान भोक. उंदरांत साधारण ८ मिलिमीटर, सशात बहुतेक जण १५ मिलिमीटर धरतात. भोक पाडायचं ते गोल कातरणाऱ्या ड्रिलनं, वरून सतत सलाइन सोडत, कारण हाड तापलं की कडेच्या पेशी मरतात आणि सगळा प्रयोग वाया. काही सशांच्या भोकात नवा पदार्थ, काहींच्या आधीपासून वापरात असलेला, आणि काहींचं भोक रिकामंच ठेवायचं. हे शेवटचं ऐकून मला सर्वांत वाईट वाटलं. पण त्या रिकाम्याशिवाय बाकीच्यांचा काही अर्थच लागत नाही.

पदार्थ म्हणजे बहुतेक वेळा कॅल्शियम फॉस्फेट. हायड्रॉक्सिॲपेटाइट हे त्यातलं मोठं नाव. आपल्या हाडांत नि दातांत असतं त्याच घराण्यातलं खनिज, पांढरं, खडूसारखं ठिसूळ. त्यात सूक्ष्म भोकं हवीत, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून मोठी आणि एकमेकांना जोडलेली, म्हणजे रक्तवाहिन्या आत शिरतील. आमच्या भावोजींना हे काही पटेना. रात्री जेवताना लेकीला म्हणाले, दगडात हाड कसं चढेल? ती म्हणाली, बाबा, परसातल्या पडवळाला मांडव घालता ना, तसं. भावोजी विचारात पडले, आणि भात कालवताना एकदम म्हणाले, "मग मांडव कुजायचा कधी?" पोर ताटावरून उठायचीच बाकी होती! कारण या विषयातला मोठ्या मोठ्या प्रयोगशाळांचा प्रश्न तोच आहे. पदार्थ लवकर विरघळला तर हाड मध्येच अडतं, आणि विरघळलाच नाही तर वर्षानुवर्षं हाडाच्या वाटेत बसून राहतो. हायड्रॉक्सिॲपेटाइट फार चिवट. त्याचं भावंड, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, लवकर विरतं. म्हणून दोन्ही मिसळून प्रमाणं बदलत राहायची आणि आठ आठवड्यांनी, बारा आठवड्यांनी कवटीत काय झालं ते पाहायचं. भावोजींनी मग दुसऱ्यांदा आमटी घेतली, अगदी सत्कार झाल्यासारखी.

आपल्या देशात हे काम बरंच जुनं आहे. त्रिवेंद्रमच्या श्रीचित्रा संस्थेत, जिथे डॉ. वालियाथनांच्या काळात देशी हृदयझडप तयार झाली आणि १९९० साली पहिल्यांदा माणसाला बसवली, तिथेच हाडाच्या जागी वापरायचे हे पांढरे खडेही घडले, आणि त्यांचं तंत्र घेऊन ते कारखान्यात निघू लागले. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी रेशमातल्या प्रथिनापासून हाडातली पोकळी भरायचं साहित्य केलं आहे. परदेशी माल महाग पडतो, आणि वहिनींसारख्यांना किमतीपुढे पर्याय नसतो. म्हणून इथे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बरं, मिरकरवाड्याची गंमत सांगायची राहिली. पोर सुट्टीवर आली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी मला घेऊन बंदरावर. म्हटलं, हिला माकूल खायचा आहे. तर ही एका बाईच्या टोपलीसमोर बसली आणि म्हणाली, मला आतलं पांढरं हाड तेवढं द्या. बाई बघतच राहिली. "अगो बाय, मास टाकतंस नि हाडूक नेतंस?" मग तिनं शेजारणीला हाक मारली, शेजारणीनं तिसरीला, आणि पाहता पाहता आमच्यापुढे त्या हाडांचा, म्हणजे समुद्रफेनाचा ढीग! पैसे घेईनात. वर एकीनं विचारलं, पोपट किती पाळलेत?

तुला आठवतं, आपण मांडवीच्या किनाऱ्यावर हे वेचायचो, आणि तू त्यावर नखानं नावं कोरायचीस? ती नावं इथे लिहीत नाही, तुझा नवरा पत्र वाचतो. तर तोच समुद्रफेन. आतून बघ, पातळ थरांचे मजले आणि मध्ये खांब, जवळजवळ सगळी हवाच. निसर्गानं भोकं आयती करून ठेवलेली. तो कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. फॉस्फेटच्या पाण्यात, दाबाखाली, दोनशे अंशांच्या आसपास शिजवला की त्याचं हायड्रॉक्सिॲपेटाइट होतं आणि आतले मजले तसेच राहतात. कोरियातल्या संशोधकांनी असं केलेलं हाड सशांच्या कवटीत तपासून पाहिलं आहे. आधी, १९७४ मध्ये, अमेरिकेत प्रवाळावर हीच युक्ती केली होती. पण प्रवाळ आपल्याकडे कायद्यानं संरक्षित, त्याला हात लावायचा नाही, आणि लावूही नये. माकुलाचं हाड मात्र आपल्या बंदरावर रोज टाकून देतात. तिथून येताना आम्ही झाडगावच्या मत्स्यालयात डोकावलो. देवमाशाचा सांगाडा पाहून पोर तासभर हलेना. तूही अशीच उभी राहायचीस, आणि मी बाहेर घड्याळ बघत.

आता तुझ्या पत्राच्या तिसऱ्या पानाकडे येते, कारण तिथे तू रागावलेली नाहीस, तिथे तू विचारतेस. "त्या सशांचं पुढे काय होतं?"

लपवत नाही. ऑपरेशन पूर्ण भूल देऊन होतं, नंतर दुखणं थांबवायची औषधं देतात. ससा खायचा थांबला की त्याची आतडी लगेच बिघडतात, म्हणून ही पोर पहिल्या रात्री तिथेच बसून राहते, कोथिंबिरीची काडी पुढे करत. आणि ठरलेले आठवडे झाले की त्या सशांना वेदनारहित मरण देतात. हाडाचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय आत हाड आलं की नुसता चोथा भरला हे कळत नाही. क्ष-किरणाचं नवं यंत्र बरंच दाखवतं, पण सगळं नाही. पोरीनं हे मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज खाली गेला नाही, पण ती माझ्याकडे पाहत नव्हती.

मी या प्रयोगांच्या बाजूची आहे. वहिनींच्या पोराचं कानशील रोज पाहते, म्हणून आहे. बशीतल्या पेशी मुख्यतः एवढंच सांगतात की पदार्थ विषारी आहे की नाही. त्यात रक्त शिरेल का, हाड चढेल का, हे जिवंत कवटीच सांगते. आणि न तपासलेला पदार्थ थेट माणसाच्या मेंदूवर ठेवणं मला मान्य नाही. पण तुझं एक वाक्य अर्धं बरोबर आहे. तू लिहितेस, हे सगळं पदव्यांसाठी चालतं. सगळं नाही, पण काही चालतं. पदार्थात चिमूटभर बदल करायचा, तेच भोक, तेच आठवडे, तसेच ससे, आणि निष्कर्ष काय, तर आशादायक आहे. एकानं ६ मिलिमीटरचं भोक घ्यायचं, दुसऱ्यानं १० चं, म्हणजे दोघांची तुलनाच नको. जे फसलं ते छापायचं नाही, मग दुसऱ्या गावात दुसरी मुलगी तेच फसणारं पुन्हा करते, पुन्हा तितकेच ससे. शिवाय सगळे ससे तरुण, निरोगी, स्वच्छ जखमेचे. त्यांची हाडं माणसापेक्षा लवकर भरतात. रस्त्यावर फुटलेल्या, जंतू शिरलेल्या, साखर वाढलेल्या माणसाची कवटी वेगळी. सशात जमलं म्हणून माणसात जमेलच असं नाही, हे पोर स्वतःच म्हणते. ज्या सशाच्या मरणातून कुणालाच काही कळलं नाही, तो ससा माझ्या लेखी फुकट गेला, आणि तिथे मी तुझ्या बाजूला येऊन उभी राहते.

आणि आता तुला हवी ती बाई मध्ये आणते. तुझ्या बैठकीच्या खोलीत जिचा फोटो आहे, ती रुक्मिणीदेवी अरुंडेल. तू तिचं नृत्य सांगत असतेस, कलाक्षेत्र सांगत असतेस, पण तिनं १९५० च्या दशकात राज्यसभेत प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक मांडलं होतं, हे तू मला कधी सांगितलं नाहीस! नेहरूंनी सरकारतर्फे कायदा आणण्याचं आश्वासन दिलं, तिनं विधेयक मागे घेतलं, आणि १९६० साली कायदा झाला. आज भाचीला एकही ससा हातात घेण्याआधी जी परवानगी लागते, ती त्याच कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांखाली. संस्थेत एक समिती असते. किती ससे, का इतके, कमी का नाही, दुसऱ्या मार्गानं का नाही, दुखण्यावर काय देणार, सगळं लेखी द्यावं लागतं. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्व यामागे आहे: शक्य तिथे प्राणी टाळा, टाळता येत नसतील तर कमी करा, आणि जे घ्याल त्यांचा त्रास कमी करा.

या समितीत शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, आणि, नीट वाच, विज्ञानाबाहेरचा, सामाजिक जाणीव असलेला एक माणूस त्या कायद्याखालच्या केंद्रीय समितीनं नेमलेला असतो. पोर म्हणते, काही ठिकाणी तो माणूस सही करून चहा पिऊन जातो. तिच्या एका बैठकीत मात्र एका वयस्कर बाईंनी विचारलं की बारा आठवड्यांच्या गटात इतके ससे कशाला, हा आकडा कुठून आणलात? कुणालाच सांगता येईना. संख्याशास्त्राचा हिशेब पुन्हा मांडला, आणि ससे कमी झाले. प्रयोगाचं काही बिघडलं नाही.

त्या बाईंचं वर्णन ऐकताना मला सारखी तूच दिसत होतीस. तुला प्राण्यांची माया आहे, रात्री साडेनऊला चहा टाकण्याइतका राग आहे, आणि उत्तर मिळेपर्यंत तू कुणाला सोडत नाहीस. निवृत्त झालीस, मांजरं सांभाळतेस, आणि पत्रातून माझ्याशी भांडतेस. तुझ्या गावातही अशा संस्था असतीलच. तेव्हा चौकशी कर, नाव दे, त्या खुर्चीवर बस, सगळे कागद वाच. आणि पोरीला फोन कर, ती वाट पाहते आहे. समितीत काय काय विचारायचं याची यादी ती तुला देईल. पण पहिला प्रश्न माझ्याकडून घे: हे याआधी कुणी करून पाहिलं आहे का, त्यात किती ससे गेले, आणि काय कळलं?

तुझीच